हॉस्पिटलात लागणारा न्यूमोनिया : मशीन राहू द्या, उशाकडे बघा



"रियाधमध्ये चांगलं हॉस्पिटल कोणतं?", "आईबाबा व्हिजिट व्हिसावर येताहेत, अल खोबरला कुठे दाखवावं?" हे प्रश्न आपल्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येतात. उत्तरंही साधारण ठरलेली. अमुक ठिकाणी नवीन सीटी स्कॅन आहे, तमुक ठिकाणी डॉक्टर अमेरिकेत शिकलेले आहेत, फलाणं आपल्या इन्शुरन्सच्या यादीत आहे. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी पूर्व प्रांतात आयसीयूमध्ये काम करतो आणि माझं मत थोडं वेगळं आहे. जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं म्हणणं असं : आपण हॉस्पिटल निवडताना मशीन बघतो. पण हॉस्पिटलात गेल्यावर जो आजार नव्याने गाठतो आणि म्हाताऱ्या माणसाचा जीव घेऊ शकतो, तो टाळणारी बहुतेक कामं बिनमशीनची आहेत. ती इतकी साधी आहेत की कुणाच्याच नावावर नसतात. त्यातली काही आपण आपल्या नावावर घ्यायला हवीत. आणि आपल्या काही सवयी, ज्यांना आपण प्रेम आणि काळजी म्हणतो, त्या सोडायला हव्यात.

हा आजार म्हणजे न्यूमोनिया. बाहेरून घेऊन आलेला नव्हे, तर आत आल्यावर झालेला. दाखल झाल्यावर ४८ तास किंवा त्याहून जास्त वेळाने सुरू झाला आणि दाखल होताना त्याची लक्षणं नव्हती, तर त्याला हॉस्पिटलात लागलेला न्यूमोनिया म्हणायचं. घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवल्यानंतर दोन दिवसांनी झाला तर तो व्हेंटिलेटरशी जोडलेला न्यूमोनिया. बाबा खुब्याच्या ऑपरेशनला जातात, ऑपरेशन उत्तम होतं, पाचव्या दिवशी ताप आणि धाप. मग घरचे म्हणतात, "ऑपरेशन झेपलं नाही हो." पुष्कळदा ऑपरेशन झेपलेलं असतं, त्यानंतरचं आडवं पडून राहणं झेपलेलं नसतं.

सौदीत राहणाऱ्या आपल्याला तर हा विषय परका वाटायला नको. हॉस्पिटल हीच लागणीची जागा होऊ शकते हे या देशाने फार मोठी किंमत देऊन शिकलं आहे. जून २०१२ मध्ये जेद्दाहच्या एका हॉस्पिटलात साठ वर्षांचे एक गृहस्थ न्यूमोनियाने दाखल झाले आणि दगावले. तिथले इजिप्शियन विषाणुतज्ज्ञ डॉ. अली मोहम्मद झकी यांना त्यांच्या थुंकीत एक अनोळखी कोरोना विषाणू सापडला. सप्टेंबरमध्ये त्यांनी ती बातमी जगाला कळवली ती प्रोमेड नावाच्या एका ईमेल यादीवरून! (ईमेल याद्यांना नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) हाच पुढे 'मर्स' म्हणून ओळखला गेला.

आपल्याकडे तेव्हापासून चर्चा झाली ती उंटांची. उंटाचं कच्चं दूध पिऊ नका, उंटांच्या बाजारात जाऊ नका. ते बरोबरच आहे, विषाणू उंटांकडूनच माणसात येतो. पण त्यानंतर तो पसरला कुठे? एप्रिल-मे २०१३ मध्ये आमच्या शेजारच्या अल-अहसा भागात, हफूफच्या बाजूला, २३ रुग्ण सापडले आणि त्यातले १५ दगावले. या २३ पैकी २१ जणांना लागण झाली होती ती डायलिसिस युनिटमध्ये, आयसीयूत किंवा वॉर्डात, दुसऱ्या माणसाकडून. याउलट या रुग्णांच्या घरातले २१७ जण तपासले, त्यात आजारी निघाले फक्त ५. म्हणजे एका घरात जेवणाऱ्या-झोपणाऱ्यांपेक्षा डायलिसिसच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याला जास्त धोका होता.

२०१४ च्या पहिल्या पाच महिन्यांत जेद्दाहमध्ये २५५ रुग्ण झाले. त्यांची चौकशी झाली तेव्हा बहुतेकांचा आजारापूर्वी कुठल्या ना कुठल्या दवाखान्याशी किंवा हॉस्पिटलशी संबंध आलेला दिसला. त्याच एप्रिलमध्ये देशाचे आरोग्यमंत्री बदलले गेले. २०१५ च्या उन्हाळ्यात रियाधच्या किंग अब्दुलअझीझ मेडिकल सिटीसारख्या नावाजलेल्या संस्थेत १३० रुग्ण झाले, त्यात ४३ तिथलेच कर्मचारी, आणि तातडीचा विभाग बंद ठेवावा लागला. त्याच वर्षी आखातातून परतलेल्या एकाच माणसापासून दक्षिण कोरियात १८६ जणांना लागण झाली, ३८ गेले, आणि तीही मुख्यतः हॉस्पिटलांतून. कोरियातली हॉस्पिटलं गरीब होती का? अजिबात नाही. मशीन होती, इमारती होत्या. पण तातडीच्या विभागात तोबा गर्दी होती आणि नातेवाईकांची ये-जा मोकळी होती.

जानेवारी २०२० मध्ये असीर प्रांतात केरळच्या एका नर्सला लागण झाल्याची बातमी आली तेव्हा वुहानच्या भीतीत सगळ्यांनाच घाम फुटला होता. तो मर्स निघाला. आणि हे इतिहासजमा झालं असंही समजू नका. २०२५ च्या वसंतात रियाधमध्ये एकाच रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या सहा आरोग्य कर्मचाऱ्यांना मर्सची लागण झाली. नशिबाने त्यातल्या कुणाला गंभीर आजार झाला नाही.

आता मुद्द्यावर येतो. मर्सने मथळे मिळवले, मंत्री बदलले, आणि इथल्या हॉस्पिटलांनी दारावरच ताप-खोकल्याचे रुग्ण वेगळे काढण्यापासून हात धुण्यापर्यंत खरंच खूप सुधारणा केल्या. पण हॉस्पिटलात लागणारा साधा, रोजचा न्यूमोनिया असे मथळे मिळवत नाही. तो मर्ससारखा बाहेरून येत नाही, बहुतेकदा रुग्णाच्या स्वतःच्या तोंडातून येतो! आजारी माणूस दाखल झाला की दोन-चार दिवसांत त्याच्या तोंडातले आणि घशातले जंतू बदलतात, हॉस्पिटलातले हट्टी जंतू तिथे मुक्काम ठोकतात. दात घासले जात नाहीत, तोंड कोरडं, जिभेवर थर. माणूस उताणा झोपलेला, झोपेच्या किंवा वेदनेच्या औषधाने गुंगीत. मग थोडी थोडी लाळ, कधी पोटातून वर आलेलं, श्वासनलिकेत उतरतं. आपल्याला ठसका लागला तर आपण खोकून काढून टाकतो. त्याच्यात खोकण्याची ताकद नसते, आणि पुष्कळदा ठसका लागल्याचं कुणाला कळतही नाही. जंतू फुफ्फुसात पोचले. झालं.

आणि हे फक्त व्हेंटिलेटरवरच्यांना होतं असा समज असेल तर तो काढून टाका. अमेरिकेत २०११ साली १८३ हॉस्पिटलांची पाहणी झाली. हॉस्पिटलात लागलेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी व्हेंटिलेटरशी संबंध असलेले होते ३९ टक्के. बाकीचे साध्या वॉर्डातले, साध्या खोलीतले, म्हणजे तुमच्या-आमच्या आईबाबांसारखे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची तरी तासातासाला नोंद होते. खोलीतल्या माणसाची मोजदाद बहुतेक ठिकाणी कुणी ठेवत नाही, आणि जे मोजलं जात नाही ते सुधारतही नाही.

निदानाबद्दल थोडं सांगतो, कारण नातेवाईकांचे आणि डॉक्टरांचे खटके इथेच उडतात. एक्स-रेवर डाग दिसला म्हणजे न्यूमोनियाच असं नाही. आडवं पडून फुफ्फुसाचा एखादा भाग मिटला तरी डाग दिसतो, हृदय कमजोर असेल तर साठलेल्या पाण्याचा दिसतो, रक्ताची गुठळी अडकली तरी दिसतो. म्हणून नवीन डाग हवा, आणि त्याच्या जोडीला ताप, पांढऱ्या पेशींत फरक, पिवळट-घट्ट बेडका, ऑक्सिजनची वाढलेली गरज यांपैकी काही हवं. सगळं जुळलं तरी खात्री शंभर टक्के नसते, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. उलट म्हाताऱ्या माणसाला ताप येतच नाही असंही होतं. काल नीट बोलणाऱ्या आजी आज बरळायला लागल्या, जेवण टाकलं, श्वास भरभर चालला, तर "वयामुळे असेल" म्हणू नका, नर्सला लगेच सांगा. मराठीत बरळणं आणि मराठीत नीट बोलणं यातला फरक फिलिपिनो किंवा मल्याळी नर्सला कळणार नाही. तो तुम्हालाच कळणार. या बाबतीत तुम्ही आयसीयूतल्या मॉनिटरपेक्षा उपयोगी आहात.

निदान झालं की आपली मंडळी म्हणतात, "डॉक्टर, एकदम स्ट्राँग अँटिबायोटिक लावा, पैशांची काळजी करू नका." काळजी पैशांची नसतेच हो. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी बेडका आणि रक्त तपासणीला पाठवणं महत्त्वाचं, मात्र रुग्ण गंभीर असेल तर औषधाला उशीर नको. दोन-तीन दिवसांत रिपोर्ट आला की मोठं औषध काढून नेमकं, लहान औषध द्यायचं. आणि बहुतेकांना सात दिवस पुरतात. २०१६ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत हेच आहे. तेव्हा डॉक्टरांनी औषध 'कमी' केलं तर ते लक्ष देत नाहीत असा अर्थ काढू नका. त्यांना विचारायचे प्रश्न असे : कल्चर पाठवलं का? कधी येईल? आल्यावर औषध बदलणार का? थांबवायचं कधी? हे चार प्रश्न नम्रपणे विचारले तर कुठलाही चांगला डॉक्टर रागावत नाही. उलट जरा सावध होतो, आणि ते तुमच्या फायद्याचं असतं.

आता टाळण्याबद्दल. बार्सिलोनात १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. व्हेंटिलेटरवरच्या काही रुग्णांना सपाट झोपवलं, काहींना पलंगाची पाठ ४५ अंश उचलून. सपाट झोपलेल्यांत न्यूमोनियाचा संशय आला ३४ टक्क्यांना, पाठ उचललेल्यांत ८ टक्क्यांना. खर्च किती? एक कळ दाबण्याचा. दुसरी गोष्ट दात घासण्याची. २०२३ च्या अखेरीस १५ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला, एकूण १०,७०० हून अधिक रुग्णांचा. ज्यांचे दात ब्रशने घासले जात होते त्यांच्यात न्यूमोनिया साधारण एक-तृतीयांशाने कमी, आणि आयसीयूतले मृत्यूही कमी. गंमत म्हणजे क्लोरहेक्सिडिनचं जे औषधी माउथवॉश आपण वर्षानुवर्षं आयसीयूत वापरत होतो, ते व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी वापरू नये असं २०२२ च्या सूचनांनी सांगितलं. महागडं द्रावण गेलं, साधा ब्रश राहिला!

बाकीची यादीही अशीच साधी. गुंगीचं औषध कमीत कमी. नळी अजून हवी आहे का, हा प्रश्न रोज सकाळी. लवकरात लवकर उठवून खुर्चीत बसवणं, चालवणं. पक्षाघाताच्या रुग्णाला गिळता येतं का हे तपासल्याशिवाय तोंडाने काही न देणं. हात धुणं. यातलं एकही काम ब्रोशरमध्ये फोटो छापण्यासारखं नाही. रियाधचे डॉ. यासिर अरबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये विकसनशील देशांतले अभ्यास एकत्र केले, तेव्हा व्हेंटिलेटरशी जोडलेल्या न्यूमोनियाचं प्रमाण व्हेंटिलेटरच्या हजार दिवसांमागे १० पासून ४१.७ पर्यंत निघालं. एका जागी १० आणि दुसरीकडे ४१! व्हेंटिलेटर दोन्हीकडे होता. फरक त्याच्या आजूबाजूला रोज काय घडतं याचाही असतो.

आता थोडं कडू लिहितो. आपल्या चार सवयी.

पहिली, गर्दी. भेटायला गेलो नाही तर काय म्हणतील, म्हणून एका संध्याकाळी पंधरा जण, त्यात सर्दी झालेला एक, त्याच्या कडेवर शेंबडं मूल. मर्स, कोविड आणि फ्लू यांनी एवढं शिकवल्यावरही. खोकला असेल तर फोन करा, तीच खरी आस्था.

दुसरी, भरवणं. "दोन घास खा, ताकद येईल," म्हणून अर्धवट झोपेतल्या, आडव्या माणसाच्या तोंडात मऊ भात. ही ताकद फुफ्फुसात जाते. पूर्ण जागा, सरळ बसलेला, लहान घास, आणि जेवल्यावर अर्धा-पाऊण तास तसंच बसवून ठेवायचं. जमत नसेल तर डबा परत घरी न्या.

तिसरी, वर म्हटलेली स्ट्राँग अँटिबायोटिकची मागणी.

आणि चौथी, "इन्शुरन्स आहे ना, मग राहू दे अजून दोन दिवस, घरी कोण बघणार?" मुक्कामाचा प्रत्येक जादा दिवस हा धोक्याचा जादा दिवस आहे. डॉक्टर सोडतो म्हणाले तर आनंदाने निघा. घरची व्यवस्था आधी लावा, ती करायला आपलीच माणसं आहेत की.

यावर एकजण मला म्हणाले, "हे सगळं हॉस्पिटलचं काम आहे, आम्ही प्रीमियम कशाला भरतो?" मुद्दा बरोबर आहे. जबाबदारी हॉस्पिटलचीच, आणि ती त्यांच्याकडून मागून घ्यायलाच हवी. नर्स कमी ठेवायच्या आणि उरलेलं काम नातेवाईकांवर ढकलायचं, याचं समर्थन मी करणार नाही. पण रात्री एका नर्सकडे अनेक रुग्ण असतात. औषध चुकलं तर तिला जाब विचारला जातो, दात घासायचे राहिले तर कुणी विचारत नाही. मग काय राहणार हे उघड आहे. नातेवाईकाने नुसतं विचारलं, "सिस्टर, आज ब्रश झाला का? पाठ जरा वर करू का?", तरी ते काम अदृश्य राहत नाही. मात्र परवानगी घेऊनच. मणक्याचं किंवा काही विशिष्ट ऑपरेशन असेल तर पाठ उचलायची नसते. आयसीयूत नळ्यांना आपण हात लावायचाच नाही. तिथे फक्त विचारायचं.

इथल्या हॉस्पिटलात सोबतीला राहणाऱ्याला 'मुराफिक' म्हणतात. आपल्याकडे मुराफिक म्हणजे कोपऱ्यातल्या सोफ्यावर मोबाइल बघत झोपणारा माणूस. त्याला काम द्या. सकाळ-संध्याकाळ ब्रश. कवळी असेल तर रात्री काढून धुऊन ठेवणं. पलंगाची पाठ. दिवसातून तीनदा खुर्ची. आत-बाहेर करताना हात धुणं. आणि काल-आजमधला फरक नर्सला सांगणं. एका कागदावर इंग्रजीत लिहून उशाशी लावा, म्हणजे पाळी बदलली तरी पुढच्याला कळेल. आईबाबांना इथे आणण्यापूर्वी फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस देऊन आणा, हेही जाता जाता.

शेवटी एक विनंती. ज्यांचं कुटुंब इथे आहे त्यांचं कसंतरी निभावतं. पण जुबैल, यान्बूच्या कॅम्पमध्ये एकटे राहणारे आपले कितीतरी लोक आहेत. अपघात झाला, ऑपरेशन झालं, तर त्यांच्या उशाशी कुणी नाही, आणि मराठी-हिंदीपलीकडे भाषा नाही. अशा माणसासाठी आपण वर्गणी काढतो, ती तत्परतेने काढतो, याचा मला अभिमान आहे. पण त्याला गुलदस्ता घेऊन येणाऱ्या पंधरा जणांची गरज नाही. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, निरोगी, हात धुऊन आलेला, त्याला उठवून बसवणारा, दात घासायला मदत करणारा आणि "आज कसा श्वास लागतोय रे?" असं मराठीत विचारणारा, एवढं पुरे. दम्माम, जुबैल, रियाध, जेद्दाह, प्रत्येक गावात अशी आठ-दहा नावांची यादी आपण करू शकतो. आमच्या भागाची यादी ठेवायला मी तयार आहे, आणि नवीन माणसांना अर्ध्या तासात हे सगळं प्रत्यक्ष दाखवायलाही. बाकीच्या गावांतून कोण पुढे येतंय ते कळवा.

आणि हो, पुढच्या वेळी कुणी "चांगलं हॉस्पिटल कोणतं" विचारलं तर स्कॅनरचं नाव सांगण्याआधी एवढं सांगा : तिथल्या वॉर्डात दुपारी चारला एक फेरी मारा. किती रुग्ण सपाट झोपलेत आणि किती खुर्चीत बसलेत ते मोजा. हॉस्पिटलची बरीच परीक्षा त्यातच होते.

मतभेद असतील तर जरूर लिहा, विशेषतः इथल्या नर्सिंग आणि रेस्पिरेटरी थेरपीतल्या मंडळींनी. तुमचं ऐकायला आवडेल.

आपला,
दम्मामकर